गडू, गंडे आणि वाटपाची यादी: वाईच्या एका घराची 1926ची काशीयात्रा

प्रकरण थोडक्यात असे. शके 1848च्या कार्तिकात, म्हणजे 1926च्या नोव्हेंबरात, वाईतले एक कुटुंब प्रयाग, काशी आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करून आले. कुटुंब आमचेच. कचेरीत कारकून असलेले पणजोबा, पणजी, त्यांचे दोन मुलगे, एक मुलगी आणि पणजोबांची थोरली विधवा बहीण. तिला सगळे घर अक्का म्हणे. जाताना सहा जण होते, येताना पाच.

या यात्रेचे जे काही घरात उरले आहे ते एका लहान पेटीत मावते. प्रयागचा तांब्याचा बंद गडू, फोटो, मनिऑर्डरीच्या पावत्या आणि कार्डांची जुडी, आणि पणजोबांची जमाखर्चाची वही. पितळेची अन्नपूर्णा देवघरात आहे, तीही धरू. जन्मात एकदाच घडलेला एवढा मोठा प्रवास, आणि मागे ठेवले इतकेच? घरात यावर नेहमीचे उत्तर म्हणजे तेव्हा पैसा कुठे होता. वही वाचली की हे उत्तर टिकत नाही. या लोकांनी वाटेत भरपूर वस्तू घेतल्या. घेतल्या त्या ठेवण्यासाठी घेतल्याच नव्हत्या.

सहल म्हणावी का हिला

त्या काळी हौसेने हवा खायला जाणारे लोक होते, आणि वाईकरांच्या तर ते डोळ्यांसमोरूनच जात. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, पुढे महाबळेश्वर. वाईहून सारे मिळून वीस मैल. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828-29च्या सुमारास तिथे ठाणे वसवले आणि उन्हाळ्यात इलाख्याचे सरकार तिकडे हलू लागले. साहेबलोक, मुंबईचे पारशी, गुजराती शेठ यांचा तिथला हंगाम ठरलेला. मुंबईकरांसाठी माथेरान होते: ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी 1850 साली पाहिलेले, आणि आदमजी पीरभॉय यांच्या मुलाने बांधलेली नेरळची छोटी गाडी 1907 साली सुरू झाल्यावर आवाक्यात आलेले. मराठी कारकुनाच्या घरातले कोणी तिकडे गेलेच तर दुखण्यातून उठल्यावर, डॉक्टरने हवापालट सांगितला म्हणून. आमच्या घरचे महाबळेश्वरला जात, पण क्षेत्र महाबळेश्वरला: पंचगंगेचे दर्शन, अभिषेक, आणि उजेडी खाली परत. पॉइंटांवरून सूर्यास्त पाहायला माणूस मुद्दाम जातो, हे पणजीला शेवटपर्यंत पटले नाही असे आजी सांगे.

मुलांची सुट्टी म्हणजे वैशाखातले मामाचे गाव. नोकरदाराची रजा म्हणजे लग्न, बारसे, आजारपण. नुसते ‘फिरून येतो’ म्हणून बायकामुलांना घेऊन महिनाभर बाहेर पडणे लोकांच्या डोळ्यांवर आले असते. यात्रा म्हटले की मात्र रजा मिळे, उसने पैसे मिळत, शेजारी घराला कुलूप लावायला मदत करत. म्हणून मी तिला सहलही म्हणतो. वहीत अलाहाबादच्या किल्ल्याजवळ घेतलेल्या पेरूंचा खर्च आहे, मुगलसराईला मुलांना घेतलेल्या शिट्ट्यांचा आहे, काशीत नावेतून निरनिराळ्या घाटांवर फिरल्याचा आहे. संकल्प करून केलेली मौज ती, पण मौजच.

जाण्याआधीची पाने

वहीत यात्रेचा हिशोब प्रवासाच्या आधीच सुरू होतो. पहिली दोन पाने नावांची आहेत. मोडीत, एकाखाली एक. प्रत्येक नावापुढे त्या माणसाने काय दिले ते. कोणी गंगेत टाकायला पैसा दिला, कोणी काळभैरवाच्या तेलाला, कोणी विश्वेश्वराच्या बेलाला. कासार, गुरव, शेजारच्या दोन विधवा, कचेरीतले शिपाई, पणजीच्या माहेरची माणसे. रक्कम बहुतेकांची एक पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. काहींनी आणा दिला. एका बाईने पैशाऐवजी आपल्या नवऱ्याच्या नावाने ‘एक डुबी’ सांगितल्याची नोंद आहे: तुम्ही बुडी माराल तेव्हा एक त्यांच्या नावाने मारा. पणजोबांनी तीही जमेच्या बाजूला मांडली आहे. हिशोबी माणूस!

हे पैसे गंगेत पडायचे ते पुलावरून. काशीच्या गंगेवरचा डफरिन पूल 1887 साली झाला. मुगलसराईकडून येणारी गाडी त्यावर चढली की घाटांची चंद्रकोर एकदम समोर येते, आणि डब्याडब्यांतून पैसे पाण्यात पडू लागतात. पणजोबांनी खुर्द्याची वेगळी थैली केली होती. मुलगी, म्हणजे माझी आत्याआजी, तेव्हा सात-आठ वर्षांची. पुढे म्हातारपणी तिला काशीचे दुसरे काही धड आठवत नव्हते, पण आई एकेक नाव घेई आणि आपण खिडकीतून एकेक पैसा टाकत होतो, एवढे स्वच्छ आठवे. गाडी पूल ओलांडेपर्यंत नावे संपली नाहीत, उरलेले पैसे घाटावर टाकले.

आगगाडीच्या आधी ही यात्रा महिनोन्‌महिने चाले. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857च्या धामधुमीत उत्तरेत अडकले आणि नंतर गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात पोचले. त्या पिढीत काशीला निघणारा माणूस घरची निरवानिरव करूनच निघे. 1870 साली मुंबईहून जबलपूर-अलाहाबादमार्गे कलकत्त्यापर्यंत सलग रूळ झाले आणि महिन्यांचे दिवस झाले. आमच्या मंडळींनी बैलगाडीने वाठार स्टेशन गाठले, तिथून मीटरगेजने पुणे, मग दौंड-मनमाड करून भुसावळ, खांडवा, इटारसी, जबलपूर. तिसरा वर्ग. त्या डब्यांतल्या हालांबद्दल गांधीजींनी 1917 साली वर्तमानपत्रांना पत्र लिहिले होते. वहीत त्याबद्दल चकार शब्द नाही, फक्त ‘हमाल’ हे खर्चाचे नाव प्रत्येक जंक्शनवर येते.

डब्यात खायला दशम्या. भाकरीचे पीठ दुधात भिजवले की तिला सोवळ्याची आडकाठी येत नाही, आणि ती टिकतेही. त्यांच्याबरोबर मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू. स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळे. अक्का तेही घेईना. तिच्यासाठी कृष्णेचे पाणी कळशीत भरून घेतले होते, ते इटारसीच्या आसपास संपले, आणि पुढे काय झाले यावर घरात दोन कथा आहेत. दोन्हींत अक्का हरते.

वेणी, पेरू आणि डाख

प्रयागला मराठी कुटुंबांत वेणीदान करतात. त्रिवेणीवर नवरा बायकोला समोर बसवतो, तिचे केस विंचरतो, वेणी घालतो आणि वेणीचे टोक कापून संगमात सोडतो. पणजीचे लग्न दहाव्या वर्षी झालेले. एकत्र कुटुंबात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायचीही चोरी, आणि इथे त्याने चारचौघांत, उपाध्यायांच्या देखत, तिच्या केसांतून फणी फिरवली. सुनांना ही गोष्ट सांगताना ती लाजे म्हणे, आणि तरी परत परत सांगे. या प्रवासाची तिने सर्वांत जपलेली आठवण हीच असावी. तिची वस्तू मात्र पाण्यात गेली.

गयेला श्राद्धानंतर एखादे फळ किंवा भाजी सोडायची असते, जन्मभरासाठी. सोडायचे ते आवडीचे. पणजोबांनी कारले सोडले. पणजीने पेरू सोडला, तोही नुकतेच अलाहाबादचे पेरू खाऊन! तिथपासून पुढे घरात पेरू आला की ती उठून माजघरात जाई. कपाटात ठेवलेल्या वस्तूकडे माणूस वर्षातून एकदा पाहील. असे सोडलेले फळ दर हंगामात गयेची आठवण काढायला लावते.

गडूबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तो पेटीत आहे आणि हातात घेऊन पाहता येतो. मोसंब्याएवढा, तांब्याच्या पत्र्याचा, बुडाशी जरा चपटा. संगमावर पाणी भरायचे, तोंडावर तांब्याची टिकली बसवायची आणि कडेने कथलाचा डाख लावायचा. आमच्या गडूवर तो करडा डाख ओबडधोबड दिसतो, एका जागी ओघळून मानेवर आला आहे; कारागिरासमोर यात्रेकरूंची रांग असणार. कानाशी धरून हलवला तर आत पाणी डचमळते. शंभर वर्षे होत आली. हे पाणी नासत नाही ही श्रद्धा जुनी. आग्ऱ्याला काम करणाऱ्या हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने 1896 साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात असे प्रसिद्ध केले होते. पणजोबांना याची गरज नव्हती. त्यांना हवा होता तो पक्का डाख, कारण गडू उघडायचा तो घरातले माणूस जाताना, तोंडात पाणी घालायला.

असे गडू त्यांनी डझनावारी आणले. घरासाठी दोन. एक 1941 साली पणजोबा गेले तेव्हा फोडला.

वाटपाची यादी

आता वहीची शेवटची पाने, ज्यांच्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले. वरती ‘काशीचे वाटप’ असे शीर्षक. खाली नावे, आणि नावांपुढे वस्तू: काळभैरवाचा काळा गंडा, कुंकवाची पुडी, गडू, रुद्राक्ष, विष्णुपदाचा कापडावरचा ठसा, लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी, बांगड्या. शेवटच्या रकान्यात ‘पावले’. म्हणजे देणे पोचले.

ही नावे पहिल्या दोन पानांशी ताडून पाहिली. जाण्यापूर्वी ज्याने ज्याने काही दिले, तो प्रत्येक जण या यादीत आहे. पैसा देणाऱ्याला गंडा. आणा देणाऱ्याला गंडा आणि कुंकू किंवा रुद्राक्ष. नवऱ्याच्या नावाने डुबी सांगणाऱ्या बाईला गडू. वाठारला सोडणाऱ्या गाडीवानाच्या मुलाला खेळण्यातला घोडा; त्याने पैसे दिल्याची नोंद नाही, पण भाडे कमी घेतल्याची आहे.

माझे मत इथेच बनले. आज आपण गावाहून काही आणतो ते आपण तिथे होतो याची खूण म्हणून. 1926 साली वाईत आलेला गंडा ही पोच होती: तुझा पैसा गंगेत पडला, तुझे तेल भैरवाला पोचले. जो जाऊ शकत नव्हता त्याने जाणाऱ्याच्या हाती आपला वाटा दिला होता, आणि परतणाऱ्याने तो चुकता केला. यात्रा घराची नव्हती, निम्म्या आळीची होती. म्हणून वस्तू घरात राहिल्या नाहीत. राहिल्या असत्या तर ती बाकी ठरली असती.

मावंद्याचा, म्हणजे यात्रेहून परतल्यावरच्या जेवणावळीचा, खर्चही हेच सांगतो. परतल्यावर मंडळी थेट घरी आली नाहीत. घाटावरच्या देवळात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी वाजंत्री लावून गडूंसकट मिरवत घरी आणले, गंगापूजन झाले, आणि मग जेवणावळ. लोक यात्रेकरूंच्या पाया पडत होते, वयाने मोठे असलेलेसुद्धा. वहीत मावंद्याच्या सामानाची यादी रेल्वेच्या सगळ्या खर्चापेक्षा लांब आहे. उसने घेतले ते इथेच घेतले.

यादीत कोण नाही हेही पाहिले पाहिजे. महारवाड्यातले एकही नाव नाही, ना देणाऱ्यांत ना घेणाऱ्यांत. वाईहून फार लांब नसलेल्या पंढरपुरात विठोबाचे दार अस्पृश्यांना 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. नाशिकला काळारामासाठी 1930 साली सत्याग्रह करावा लागला. ‘आळीची यात्रा’ मी वर म्हटले, तर त्या आळीची हद्द ही अशी होती. एरवी ही रीत ब्राह्मण कारकुनांपुरतीच होती असे नाही. वारीहून परतणारा शेतकरी बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे-बत्तासे आणून वाटतो त्यातही हाच व्यवहार आहे, फक्त वही न ठेवता.

जे ठेवले गेले

फोटो काशीतल्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला खांब आणि जिना, पणजोबा खुर्चीत, पगडी घालून. पणजी शेजारी उभी, पदर दोन्ही खांद्यांवरून. मुलगे टोप्या घालून ताठ. मुलगी हलल्यामुळे तिचा चेहरा पुसट आला आहे. तेव्हा फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापून देत, तसा हा आहे: मागे पत्त्यासाठी रेघ, तिकिटासाठी चौकोन. तो कोणाला पाठवला नाही. अक्का त्यात नाही. केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या बाईला फोटोला बसवायचे कोणाच्या मनात आले नसेल, आणि आले तरी ती बसली नसती.

ती परतलीही नाही. काशीत मरण आले तर मोक्ष, या भावनेने कितीतरी मराठी विधवा तिथे राहत, आणि ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी वस्ती पेशवाईपासूनची. एका वाड्यात तिची खोली ठरली. पुढे पणजोबा दरमहा मनिऑर्डर पाठवत; तिची सही असलेल्या पावत्या त्यांनी दोऱ्यात ओवून ठेवल्या आहेत. लिहिता येत नव्हते तिला, फक्त सहीपुरती अक्षरे कोणीतरी शिकवली होती, आणि पावत्यांच्या ओळीत ती अक्षरे हळूहळू सुधारत गेलेली दिसतात. कार्डे दुसऱ्याच्या हातची, सुरुवातीची अर्ध्या आण्याची. 1922 साली दर पाव आण्यावरून तिथे चढला होता. मजकूर पावसापाण्याचा, तब्येतीचा, आणि तिच्या सासरच्या माणसांना गडू पोचला का याचा. शेवटची पावती 1934ची आहे.

बनारसी शालूही एक आला होता, मुलीच्या लग्नासाठी. लग्नात नेसला गेला. लढाईच्या वर्षांत चांदीचे भाव चढले तेव्हा त्याचा जरीचा पदर जाळून चांदी काढली, आणि उरलेल्या रेशमाची नातींची परकर-पोलकी झाली.

सर्वांत नीट जपलेली नोंद आमच्या घरात नाहीच. ती काशीच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आहे. गाव, गोत्र, तीन पिढ्यांची नावे, आणि खाली सह्या. पणजोबांची मोडीत आणि दोन्ही मुलांची बाळबोध. मुलांकडून मुद्दाम सह्या घेतल्या जात, पुढच्या वेळी त्यांचीच माणसे येणार म्हणून. माझे काका 1970च्या दशकात काशीला गेले. गाव आणि आडनाव सांगितल्यावर उपाध्यांच्या मुलाने थोड्या वेळात पान काढून दिले. पणजोबांच्या सहीवर त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कोणाची तरी सही होती, ज्याचे नाव घरात कोणाला माहीत नव्हते. काकांनी खाली आपली केली आणि दक्षिणा दिली.

1938चा प्रवास

तुलनेला घरातलाच दुसरा प्रवास आहे. धाकटे आजोबा, म्हणजे काशीच्या फोटोतला लहान टोपीवाला, शिकून नोकरीला लागले आणि मित्रांबरोबर म्हैसूर, बेलूर, हळेबीडकडे गेले. जवळ जुना घेतलेला बॉक्स कॅमेरा. त्यांचीही वही आहे, देवनागरीत. त्यात फिल्मचे रोल, धुलाई, छपाई, हॉटेल, आणि चंदनाची गणेशमूर्ती. कोणाकडून काही घेऊन गेल्याची नोंद नाही, वाटपाची यादी नाही. फोटो काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून चिकटवले आहेत, खाली पांढऱ्या शाईने ठिकाण आणि तारीख. चंदनाचा गणपती काचेच्या कपाटात गेला आणि पोरांना त्याला हात लावायची बंदी झाली.

पण आळीला हा बदल कोणी कळवला नव्हता. ते आले म्हणताच लोक नेहमीसारखे ओट्यावर जमले, आणि पणजीने आतून विचारले, माणसांसाठी काय आणलेस? त्यांना हे आधीच सुचले असावे. परतीच्या वाटेवर त्यांनी साताऱ्यात उतरून कंदी पेढे घेतले होते. तेच म्हैसूरच्या चामुंडीचा प्रसाद म्हणून घरोघर गेले. वहीत ती रक्कम ‘किरकोळ’ या नावाखाली आहे.